जवळ जाऊन पाहण्याचे कर्तव्य

१७ मार्च २०२४, उपवासकाळातला पाचवा रविवार. सकाळची मिस्सा आटोपून मी चर्चच्या दाराशी नेहमीप्रमाणे उभा होतो. आमचे धर्मग्राम समुद्रकाठचे. इथल्या कितीतरी घरांतील मुले मालवाहू जहाजांवर नोकरीला आहेत, काही नौदलात आहेत आणि जुनी घरे अजूनही मासेमारीवर तग धरून आहेत. त्यामुळे समुद्रावरची बातमी आमच्याकडे घरातली बातमी म्हणूनच वाचली जाते. त्या दिवशी सर्वांच्या तोंडी एकच विषय होता. सोमाली चाच्यांनी पळविलेले एक जहाज भारतीय नौदलाने आदल्या दिवशी सोडविले होते.

दोन बायका माझ्याजवळ थांबल्या. एकीचा मुलगा नौदलात आहे, दुसरीचा मालवाहू जहाजावर. पहिली म्हणाली, "फादर, आपल्या जहाजांवर एवढ्या मोठ्या तोफा असतात म्हणे. मग लांबूनच उडवून का देत नाहीत त्या चोरांना? आमच्या पोरांना कशाला दोरीवरून चढवतात?"

मी काही बोलण्याआधीच दुसरी हळू आवाजात म्हणाली, "बाय, त्या जहाजात माझाही पोरगा असू शकतो."

दोघीही गप्प झाल्या आणि खरे सांगायचे तर मीही. सेमिनरीत नीतिशास्त्राचा अभ्यास करताना न्याय्य युद्ध, निष्पाप आणि अपराधी यांतील भेद हे सारे विषय मी परीक्षेपुरते का होईना, नीट पाठ केले होते. पण दोन आयांनी दोन वाक्यांत मांडलेला प्रश्न त्या ग्रंथांत इतक्या उघडपणे मला कधी भेटला नव्हता. एका आईच्या मुलाचा जीव वाचविण्यासाठी दुसऱ्या आईच्या मुलाने आपला जीव धोक्यात का घालावा? हा लेख म्हणजे त्या दिवशी न दिलेले उत्तर आहे.

आधी घटना समजून घेऊ. 'रुएन' हे माल्टाच्या ध्वजाखालील मालवाहू जहाज डिसेंबर २०२३ मध्ये चाच्यांनी पळविले. त्यावरचे बल्गेरिया, म्यानमार आणि अंगोला या देशांचे १७ खलाशी तीन महिने ओलीस होते. मार्च २०२४ मध्ये 'कोलकाता' या भारतीय युद्धनौकेने त्या जहाजाला गाठले. चाच्यांनी नौकेवर गोळीबार केला, टेहळणीसाठी सोडलेले छोटे वैमानिकविरहित यान पाडले. युद्धनौकेच्या तोफांपुढे त्या जहाजाचा टिकाव लागणे शक्यच नव्हते. तरीही नौदलाने जहाज बुडविले नाही. त्याचे सुकाणू आणि दिशादर्शक उपकरणे तेवढी निकामी केली, त्याला थांबविले आणि वाट पाहिली. भारताच्या किनाऱ्यापासून सुमारे २६०० किलोमीटर दूर, हवाई दलाच्या विमानातून सागरी कमांडो आणि त्यांच्या रबरी होड्या छत्रीच्या साहाय्याने समुद्रात उतरविण्यात आल्या. सुमारे ४० तासांनंतर ३५ चाचे शरण आले आणि १७ खलाशी सुखरूप बाहेर पडले. चाच्यांना मुंबईत आणून पोलिसांच्या स्वाधीन करण्यात आले.

जे काम तोफेने काही मिनिटांत झाले असते, त्याला ४० तास लागले. हा उशीर कशासाठी? उत्तर सरळ आहे. तोफेच्या गोळ्याला ३५ आणि १७ यांतला फरक कळत नाही. तो फरक माणसालाच कळतो आणि तो कळून घेण्यासाठी माणसाला जवळ जावे लागते.

परक्या जहाजावर चढणे ही समुद्रावरची फार जुनी गोष्ट आहे. आपल्या कोकण किनाऱ्यालाही ती नवी नाही. कान्होजी आंग्रे यांच्या आरमारातील गुराबा तोफा डागून शत्रूच्या जहाजाची शिडे व दोर निकामी करीत आणि मग वल्ह्यांच्या चपळ गलबतांतून माणसे त्यावर चढाई करीत. त्या काळी चढण्याचा हेतू जहाज जिंकणे हा असे. आज हेतू बदलला आहे. आज चढायचे ते मुख्यतः पाहण्यासाठी, ओळखण्यासाठी आणि निवडण्यासाठी.

कायद्यानेही हेच मानले आहे. १९८२ सालच्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा कराराला भारताने १९९५ मध्ये मान्यता दिली. त्याच्या ११० व्या कलमानुसार खुल्या समुद्रावर कोणत्याही युद्धनौकेला परक्या जहाजाला केवळ मनात आले म्हणून अडविता येत नाही. चाचेगिरी, गुलामांचा व्यापार, जहाजाला कोणत्याही देशाचे राष्ट्रीयत्व नसणे अशा मोजक्या बाबींचा सबळ संशय असावा लागतो. संशय असला तरी आधी एका अधिकाऱ्याच्या नेतृत्वाखाली होडी पाठवून कागदपत्रे तपासायची. शंका उरलीच तर पुढची तपासणी करायची आणि तीही शक्य तितक्या सौजन्याने. संशय निराधार ठरला आणि त्या जहाजाने संशयाला कारण दिलेले नसेल, तर झालेल्या नुकसानीची भरपाई द्यायची. संशयिताशी सौजन्याने वागा आणि चूक झाली तर तिची किंमत मोजा, असे बजावणारा कायदा मला एखाद्या चांगल्या धर्मगुरूच्या उपदेशासारखा वाटतो.

परंतु कायदा कागदावर असतो. तो प्रत्यक्षात आणणारा माणूस दोरीला लटकत असतो. ते काम कसे चालते, हे मला आमच्याच धर्मग्रामातील एका नौदल-निवृत्त गृहस्थांनी समजावून सांगितले. व्हरांड्यात बसून, चहाचा कप बाजूला सारून, त्यांनी हातांनी लाटा काढून दाखविल्या.

दुसऱ्या जहाजाजवळ जायचे ते रबरी कडांच्या वेगवान होडीतून. दोन होड्या असतील तर एकीतील माणसे चढतात आणि दुसरीतील त्यांच्यावर पहारा ठेवतात. मोकळ्या मालवाहू जहाजाची भिंत पाण्यापासून तीनमजली घराइतकी उंच असू शकते. जहाजावरचे लोक सहकार्य करीत असतील तर ते दोराची, लाकडी पायऱ्यांची शिडी सोडतात. नसतील तर पोलादी तारेची गुंडाळता येणारी, हलक्या धातूच्या पायऱ्यांची शिडी लांब काठीने वर नेऊन तिच्या टोकाचा आकडा कठड्यात अडकवायचा. होडी लाटेच्या माथ्यावर आली की त्याच क्षणी शिडी धरायची आणि चढू लागायचे. लाट उतरताना शिडी धरली, तर पुढच्या लाटेवर उचलली जाणारी होडी खालून येऊन पाय चिरडते. हेलिकॉप्टरमधून उतरायचे तर जाडजूड दोर आणि हातमोजे एवढाच आधार. कमरेला पट्टा नाही, हातापायांची पकड सुटली की संपले.

अंगावरचे साहित्यही विचार करायला लावणारे आहे. गोळीपासून वाचविणारे चिलखत घालावे, तर तेच पाण्यात पडल्यावर माणसाला तळाशी ओढते. म्हणून त्यासोबत तरंगते ठेवणारे साधन हवे आणि चिलखत झटक्यात सोडविण्याची सोयही हवी. डोक्याला शिरस्त्राण, दोर कापायला सुरी, विजेरी, वायरलेस, प्रथमोपचाराचे सामान, हात बांधायला प्लॅस्टिकच्या पट्ट्या आणि हवेतला प्राणवायू मोजणारे उपकरण. हे शेवटचे उपकरण ऐकून मी चकित झालो. जहाजावर काम केलेल्यांना मात्र ते ठाऊक आहे. बंद टाक्यांत आणि तळघरांत लोखंड गंजताना हवेतील प्राणवायू खाऊन टाकते. साध्या हवेत तो सुमारे २१ टक्के असतो; तिथे तो इतका कमी झालेला असू शकतो की आत उतरलेला माणूस हाक न मारताच कोसळतो. शोध घेणाऱ्याला अशाच कोपऱ्यांत शिरावे लागते, कारण लपणारा तिथेच लपतो.

"आणि बंदूक?" मी विचारले.

"ती छातीशी पट्ट्याने अडकवलेली असते, फादर. चढताना दोन्ही हात शिडीला लागतात. त्या वेळी वर कोणी उभा असेल तर आपल्याला काहीच करता येत नाही. मागच्या होडीतल्या सोबत्यावर भरवसा ठेवायचा आणि चढायचे."

वर पोचल्यावर आधी ब्रिज आणि इंजिन रूम ताब्यात घ्यायची. माणसे एका जागी जमवायची, त्यांचे हात सतत दिसत राहतील असे उभे करायचे, खलाशांच्या यादीशी एकेक चेहरा ताडून पाहायचा. भाषा वेगळी, भीती मात्र सर्वांची सारखी. आज अनेक जहाजांवर एक भक्कम खोली राखून ठेवलेली असते. हल्ला होताच सर्व खलाशांनी तिच्यात शिरून आतून दार लावायचे आणि तिथून संपर्क साधायचा. ५ जानेवारी २०२४ रोजी अरबी समुद्रात 'लीला नॉरफोक' या जहाजावरचे १५ भारतीयांसह २१ खलाशी असेच खोलीत सुरक्षित सापडले. भारतीय कमांडोंनी सारे जहाज पिंजून काढले. चाचे तोवर निघून गेले होते. अशा खोलीचा मोठा उपयोग असा की सर्व खलाशी आत आहेत याची खात्री झाली, म्हणजे बाहेर कोण असेल हे चढणाऱ्याला कळते. निवडीचे अर्धे काम खलाशी स्वतःच करून ठेवतात.

या सर्वांचा सराव वर्षानुवर्षे चालतो. भारतीय नौदलाचे सागरी कमांडो पथक १९८७ मध्ये उभे राहिले. क्रीट बेटावरील सौदा उपसागरात नाटोचे एक केंद्र आहे. तिथे एका जुन्या प्रशिक्षण जहाजावर निरनिराळ्या देशांची पथके चढण्याचा सराव करतात. अंधाऱ्या, अरुंद मार्गिकांतून जाताना एकाएकी समोर माणसाच्या आकाराचे फलक येतात. एकाच्या हातात बंदूक रंगविलेली असते, दुसऱ्याच्या हातात विजेरी, तिसऱ्याचे हात वर. क्षणार्धात ठरवायचे. विजेरीवाल्यावर गोळी गेली की तो नापास. आमचे गृहस्थ म्हणाले, "फादर, गोळी झाडायला शिकवणे सोपे आहे. न झाडायला शिकवणे कठीण." मला वाटते, या सबंध प्रशिक्षणाचे सार त्या एका वाक्यात आले. हा शस्त्राचा सराव जितका आहे, तितकाच तो संयमाचा आहे.

दुरून निर्णय घेतला तर काय होऊ शकते, याची एक दुःखद आठवण आपल्याच नौदलाच्या इतिहासात आहे. १८ नोव्हेंबर २००८ रोजी ओमानच्या सलालाह बंदरापासून सुमारे २८५ सागरी मैलांवर 'तबर' या युद्धनौकेला चाच्यांची मानली गेलेली एक नौका दिसली. तपासणीसाठी थांबण्याचा आदेश तिने धुडकावला. तिच्यावर शस्त्रधारी माणसे दिसत होती. त्यांनी धमकी दिली आणि गोळीबार केला. 'तबर'ने स्वसंरक्षणार्थ उत्तर दिले, स्फोट झाला, नौका बुडाली. देशभर कौतुक झाले. काही दिवसांनी कळले की ती थायलंडमधील मालकाची मासेमारी नौका होती. चाच्यांनी ती पळविली होती आणि तिचे मच्छीमार तिच्यावरच होते. एक कंबोडियन खलाशी सहा दिवस समुद्रात काढून जिवंत सापडला. त्याचे बहुतेक सोबती परतले नाहीत. समोरून गोळ्या येत असताना, रात्रीच्या समुद्रात, निर्णय घेणाऱ्यांना दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. नौदलाचे म्हणणे होते की आपण हल्ल्याला उत्तर दिले, आणि ते समजण्यासारखे आहे. पण ते मच्छीमारही कुणाची तरी मुले होती.

दुसरी घटना आपल्या किनाऱ्याच्या अधिक जवळची. १५ फेब्रुवारी २०१२ रोजी केरळच्या किनाऱ्यापलीकडे 'एनरिका लेक्सी' या इटालियन तेलवाहू जहाजावरील दोन नौसैनिकांनी एका मासेमारी नौकेवर गोळ्या झाडल्या. त्यांना ते चाचे वाटले, असे त्यांचे म्हणणे. दोन मच्छीमार ठार झाले. नौकेचे नाव होते 'सेंट अँटनी'. आंतरराष्ट्रीय लवादाचा निर्णय २०२० मध्ये आला आणि दहा कोटी रुपयांची भरपाई जमा झाल्यावर जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भारतातील खटला बंद केला. आमच्या बंदरात अशाच नावाच्या होड्या रांगेने उभ्या असतात. जहाजाच्या उंच डेकवरून पाहताना त्या नौकेवरील संताचे नाव वाचता आले नसेल. दुरून नाव वाचता येत नाही; ठिपका तेवढा दिसतो आणि मनातली भीती त्याला आकार देते.

आता नीतिशास्त्राकडे वळू. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी स्वसंरक्षणाचा विचार करताना एक महत्त्वाचा भेद केला. एकाच कृतीचे दोन परिणाम होऊ शकतात, एक हेतुपूर्वक साधलेला आणि दुसरा हेतूबाहेरचा. स्वतःचा जीव वाचविणे हा हेतू असेल आणि बळाचा वापर प्रमाणात असेल, तर हल्लेखोराचा मृत्यू ओढवला तरी कृती अनीतीची ठरत नाही. पुढे याच विचारातून असे मत रूढ झाले की निष्पाप माणसे मारण्याचा हेतू नसेल, तर युद्धात ओघाने होणारे त्यांचे मृत्यू काही मर्यादेत क्षम्य ठरू शकतात.

या मतात एक पळवाट आहे आणि ती प्रत्येक पिढीने वापरली आहे. 'माझा हेतू तसा नव्हता' असे म्हणणे फार सोपे असते. अमेरिकन विचारवंत मायकेल वॉल्झर यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या न्याय्य व अन्याय्य युद्धांवरील आपल्या ग्रंथात नेमक्या या पळवाटेवर बोट ठेवले. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा: निष्पापांना मारण्याचा हेतू नसणे पुरेसे नाही. त्यांना वाचविण्याचा हेतू असला पाहिजे. तो हेतू खरा आहे हे कशावरून ओळखायचे? सैनिक त्यासाठी स्वतः काही धोका पत्करतो की नाही, यावरून.

तारेची ती शिडी म्हणजे हा दुसरा हेतू आहे, असे मला वाटते. निष्पापांविषयीचा कळवळा बोलून दाखवायला काही लागत नाही. हात रिकामे ठेवून, पाठ उघडी टाकून, काळोखात एकेक पायरी वर चढणारा माणूस तो कळवळा कृतीत आणतो.

इथे पहिल्या आईची तक्रार पुन्हा उभी राहते. तिच्या मुलाच्या जिवाची किंमत कमी आहे काय? मुळीच नाही. ज्याच्यावर इतरांच्या जिवाची जबाबदारी आहे, त्याच्यासाठी संरक्षण हे केवळ हक्क नसून गंभीर कर्तव्य आहे, असे ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षण-ग्रंथ सांगतो. तिच्या मुलाने ती जबाबदारी स्वेच्छेने घेतली आहे. पण त्याच्या कर्तव्याला जोडून आपलेही एक कर्तव्य येते. ज्याला आपण शिडीवर पाठवतो, त्याची शिडी, त्याचे चिलखत, त्याचा सराव आणि त्याचा सोबती यांत काटकसर करण्याचा अधिकार आपल्याला नाही. कुजलेला दोर देऊन माणसाला वर पाठविणे हे पाप आहे. मग ते खरेदीच्या कागदावर सही करताना घडलेले असो.

आणखी एक आक्षेप प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. जवळ गेल्याने सारे निर्दोष होते असे नाही. एप्रिल २००९ मध्ये सोमालियाजवळ 'तानित' या शिडाच्या नौकेवर ओलीस असलेल्या फ्रेंच कुटुंबाला सोडविण्यासाठी फ्रेंच कमांडो चढले. लहान मूल आणि त्याची आई वाचली. वडील मात्र ठार झाले आणि ते फ्रेंच गोळीने, हे पुढे चौकशीत कळले. तेव्हा जवळ जाणे ही यशाची हमी नव्हे. पण तिथे निदान प्रत्येक जीव वेगळा मोजला गेला होता. त्या मृत्यूबद्दल दुःख करणारे, चौकशी करणारे आणि चूक कबूल करणारे कोणी होते. दुरून बुडविलेल्या नौकेत कोण होते, हे कळायलाही एखाद्याने सहा दिवस पाण्यात तग धरावा लागतो.

आणि चाच्यांचे काय? त्यांनाही पकडल्यावर अन्न, पाणी, औषध द्यायचे आणि न्यायालयापुढे उभे करायचे. १९९९ मध्ये 'अलोंड्रा रेनबो' हे पळविलेले जपानी मालकीचे जहाज आपल्या नौदलाने आणि तटरक्षक दलाने पकडले. मुंबईत खटला चालला, २००३ मध्ये शिक्षा झाली आणि २००५ मध्ये उच्च न्यायालयात आरोपी सुटले. पुढे २०२२ मध्ये चाचेगिरीविरोधी स्वतंत्र कायदा झाला. आरोपी सुटल्यावर अनेकांना वाटले असेल की त्यांना समुद्रातच बुडविले असते तर बरे. हा मोह मला समजतो. पण ज्याला बुडविले त्याच्या बाबतीत झालेली चूक कोणतेच वरिष्ठ न्यायालय दुरुस्त करू शकत नाही.

शुभवर्तमानातील गहू आणि निदणाचा दाखला आपण लहानपणापासून ऐकतो. नोकर उत्साहाने निदण उपटायला निघतात आणि धनी त्यांना थांबवतो, कारण निदणाबरोबर गहूही उपटला जाईल. मला त्याहून अधिक विचारात पाडते ती उत्पत्तीच्या पुस्तकातील सदोमची कथा. त्या नगरीविरुद्ध ओरड स्वर्गापर्यंत पोचली होती. तरीही परमेश्वर म्हणतो की आपण खाली उतरून प्रत्यक्ष पाहू. ज्याला सर्व काही ठाऊक आहे, तोदेखील पाहिल्याशिवाय न्याय करीत नाही. आणि मग अब्राहाम पन्नास नीतिमानांपासून दहापर्यंत घासाघीस करतो, ती तो ऐकूनही घेतो. परमेश्वराने खाली उतरून पाहायचे आणि आपण मात्र व्हरांड्यात बसून शेजाऱ्याचा, सुनेचा, परजातीच्या वस्तीचा निवाडा करायचा, हे कसे शोभावे? आपल्या तोंडूनही रोज तोफा सुटतात. त्या घरात निष्पाप कोण आहे, हे पाहायला आपण किती वेळा पायरी चढतो?

पुढच्या एका रविवारी पहिली आई पुन्हा भेटली. मी माझे सारे तर्क मनाशी जुळवून ठेवले होते. तिने त्यांतले काहीच विचारले नाही. तिच्या मनात तो प्रश्न बहुधा तिच्यापुरता सुटला होता. तिने एवढेच विचारले, "फादर, ती शिडी मजबूत असते ना?"

मी म्हणालो, "पोलादी तारेची असते, बाई."

ती 'बरं' म्हणाली आणि मेणबत्ती लावायला आत गेली. थोड्या वेळाने पाहिले तर तिने दोन मेणबत्त्या लावल्या होत्या.